बेडीतल्या माणसाचे गाणे



काही गाणी एकाच गायकाची असतात. त्याचा आवाज बाजूला काढला तर मागे काही उरत नाही. काही गाणी मात्र जात्यावरच्या ओवीसारखी असतात. ज्याच्या गळ्यात गेली त्याची झाली. मूळची कोणाची, हे हळूहळू लोक विसरून जातात. आज मी ज्या गाण्याविषयी लिहिणार आहे ते या दुसऱ्या प्रकारचे आहे.

गाणे इंग्रजी आहे. त्याचे नाव 'अनचेन्ड मेलडी'. १९५५ साली ते जन्माला आले. म्हणजे त्याने सत्तरी गाठली आहे. एवढ्या वर्षांत शेकडो गायकांनी ते गायिले. गोऱ्यांनी गायिले, काळ्यांनी गायिले, आंधळ्याने गायिले, तोतऱ्या पोरानेही गायिले. इंग्रजी प्रेमगीताचे आपल्या कुटुंबाच्या पानावर काय काम, असे कोणी म्हणेल. त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

ज्यांना हे गाणे ठाऊक आहे, त्यांना ते बहुतेक 'घोस्ट' या सिनेमातले म्हणून ठाऊक असते. तो सिनेमा १९९० सालचा. त्यात नायिका कुंभाराच्या चाकावर मातीचे भांडे घडवत असते, नायक मागे येऊन बसतो, आणि हे गाणे वाजते. त्यामुळे जगभर हे गाणे म्हणजे सुंदर घरातल्या सुंदर नवरा-बायकोचे गाणे, असा समज पक्का झाला. पण हे गाणे घरात जन्मलेच नाही. ते जन्मले तुरुंगात.

त्याची हकीगत अशी. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात चिनो नावाचे गाव आहे. तिथे १९४१ साली एक वेगळा तुरुंग सुरू झाला. केनयन स्कडर हे त्याचे अधीक्षक होते. कैदी हा आधी माणूस आहे, असे मानणारा हा अधिकारी. त्यांनी तुरुंगाला उंच भिंती ठेवल्या नाहीत. भेटीच्या दिवशी कैद्याची बायको-मुले येत आणि हिरवळीवर टेबलाशी एकत्र बसून जेवत. १९५२ साली स्कडर यांनी आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. 'कैदी हीसुद्धा माणसे आहेत' असा त्याच्या नावाचा अर्थ. त्यावरून १९५५ साली 'अनचेन्ड' हा सिनेमा निघाला. अनचेन्ड म्हणजे साखळदंडातून सुटलेला. नायक पळून जाण्याची स्वप्ने पाहत असतो. भिंत नाही, पळता येते, बाहेर बायको आहे. पण शेवटी तो पळत नाही. शिक्षा पुरी करून ताठ मानेने घरी जायचे ठरवतो.

या सिनेमाचे संगीत ॲलेक्स नॉर्थ यांचे. रशियातून अमेरिकेत आलेल्या ज्यू आईबापांचा हा मुलगा. रात्री तारखात्यात काम करून दिवसा संगीताचे शिक्षण घेतलेला. गाण्याचे शब्द हाय झारेट यांचे. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात, की गाणे लिहायला बोलावणे आले तेव्हा ते स्वतःच्या घराला रंग देत होते, आणि आधी त्यांनी वेळ नाही म्हणून सांगितले. सिनेमाचे नाव गाण्यात आलेच पाहिजे हा आग्रहही त्यांनी मानला नाही. म्हणून गाण्याच्या नावात 'अनचेन्ड' आहे, पण गाण्याच्या शब्दांत तो शब्द कुठेच नाही. याच झारेट यांनी १९४० च्या दशकात रेडिओसाठी छोटी छोटी गाणी लिहिली होती. रंगावरून, धर्मावरून माणसाने माणसाला कमी लेखू नये, हा त्या गाण्यांचा विषय.

गाण्यात सांगितले आहे ते एवढेच. एक माणूस आपल्या माणसापासून दूर अडकला आहे. दिवस पुढे सरकत नाहीत. या काळात घरच्या माणसाचे मन तसेच राहिले असेल का, ही धास्ती त्याला खाते आहे. मी परत येईन, माझी वाट पाहा, अशी तो विनवणी करतो. त्यात चंद्र नाही, फुले नाहीत, तिच्या रूपाचे वर्णन नाही. कैद्याला त्यातले काय सुचणार? त्याला एकच प्रश्न सुचतो, तू आहेस ना?

आता हे गाणे सिनेमात प्रथम कोणी गायिले ते पाहा. गायले ते टॉड डंकन यांनी. कैद्याच्या छोट्या भूमिकेत ते पडद्यावर दिसतात आणि बराकीत बसून हे गाणे म्हणतात. टॉड डंकन हे काळे अमेरिकन. जन्म १९०३ चा, केंटकी राज्यातला. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ते संगीताचे प्राध्यापक होते. १९३५ साली जॉर्ज गर्श्विन यांच्या 'पोर्गी अँड बेस' या संगीत नाटकात पहिला पोर्गी त्यांनी उभा केला. पोर्गी म्हणजे एक पांगळा भिकारी. नाटकाची चर्चा झाली. १९३६ साली त्याचा मुक्काम वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये पडायचा होता. त्या थिएटरचा नियम असा, की काळ्या माणसाला प्रेक्षक म्हणून आत प्रवेश नाही. रंगमंचावर काळा माणूस चालत होता, तिकीट काढून खुर्चीवर बसलेला चालत नव्हता.

डंकन यांनी सांगून टाकले, की माझ्या लोकांना जिथे बसता येत नाही तिथे मी गाणार नाही. नायिका ॲन ब्राउन यांनीही तेच सांगितले. थिएटरवाल्यांनी मधले मार्ग सुचवून पाहिले. काळ्यांसाठी एखादा वेगळा खेळ ठेवू, वरच्या माडीवर बसवू. डंकन ऐकेनात. अर्धा हक्क त्यांना नको होता. शेवटी मालकांना माघार घ्यावी लागली आणि त्या नाटकापुरते थिएटरचे दार सर्वांना उघडे झाले. नाटक गेले आणि दार पुन्हा बंद झाले, हेही सांगितले पाहिजे. पुढे १९४८ साली काळ्यांना प्रवेश देण्यापेक्षा मालकांनी तिथली नाटकेच बंद केली. १९५२ साली थिएटर पुन्हा उघडले ते सर्वांसाठी. एका माणसाच्या 'नाही' म्हणण्याने एका रात्रीत जग बदलत नाही. पण दार उघडू शकते हे एकदा दिसले, की ते बंद ठेवणाऱ्याची झोप जाते. आपल्या वाचकांना यावर अधिक काय सांगावे!

तर अशा माणसाच्या तोंडून हे गाणे प्रथम बाहेर पडले. ऑपेराचा कसलेला धीरगंभीर आवाज, पण डंकन यांनी तो दाबून ठेवला आहे. बराकीत मोठ्याने रडायची सोय नसते.

सिनेमा फार चालला नाही. गाणे मात्र त्याच वर्षी वाऱ्यासारखे पसरले. लेस बॅक्स्टर यांनी मोठा वाद्यवृंद आणि समूहस्वर घेऊन ते केले. ऐकायला गोड, पण त्यात एकटेपणा राहिला नाही. समूहाने गायिल्यावर एकटेपणा कसा राहणार? अल हिबलर यांनी आपल्या जाड, खरखरीत आवाजात गायिले. हिबलर जन्मांध होते. मिसिसिपी राज्यात जन्मलेले, अंधशाळेत शिकलेले, ड्यूक एलिंग्टन यांच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात आठ वर्षे गायिलेले. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांच्या आवाजात कळते. १९६३ साली अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात वर्णभेदाविरुद्ध मोठे आंदोलन झाले. त्यात हा आंधळा गायक निदर्शकांबरोबर रस्त्यावर उतरला होता. रॉय हॅमिल्टन यांनी हे गाणे चर्चमधल्या प्रार्थनेसारखे सावकाश चढवत नेले. ते अवघ्या चाळिसाव्या वर्षी, १९६९ साली वारले.

त्याच १९५५ साली इंग्लंडमध्ये एक गंमत झाली. एकाच वेळी चार वेगवेगळ्या कलावंतांची हीच रेकॉर्ड पहिल्या विसांत होती. त्यांत जिमी यंग यांची पहिल्या क्रमांकावर गेली. पुढे तिथे या एकाच गाण्याने आणखी तीनदा, दर वेळी नव्या गळ्यातून, पहिला क्रमांक घेतला. १९९० साली 'घोस्ट'मुळे जुनी रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा, १९९५ साली टीव्हीवरच्या सैनिकांच्या मालिकेतल्या दोन नटांनी गायिले तेव्हा, आणि २००२ साली गॅरेथ गेट्स या कोवळ्या पोराने गायिले तेव्हा. हा गॅरेथ बोलताना फार अडखळत असे, गाताना मात्र एकदाही अडखळला नाही.

१९५६ च्या ऑस्कर समारंभात हे गाणे स्पर्धेत होते. तिथे ते गायिले हॅरी बेलाफोंटे यांनी. बक्षीस दुसऱ्या गाण्याला गेले. पण बेलाफोंटे यांचे नाव आपण दुसऱ्या कारणाने लक्षात ठेवावे. बर्मिंगहॅमच्या आंदोलनात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर हजारो माणसे, त्यांत शाळकरी मुलेसुद्धा, तुरुंगात गेली. त्यांना सोडवायला जामिनाचे पैसे लागत होते. ते उभे करणाऱ्यांत बेलाफोंटे पुढे होते. कैद्याचे गाणे म्हणणारा माणूस कैद्याच्या जामिनासाठीही धावला. गाण्याची याहून मोठी किंमत कोणी चुकवली असेल असे मला वाटत नाही.

१९६५ साली 'रायचस ब्रदर्स' या जोडीने हे गाणे केले. बिल मेडली आणि बॉबी हॅटफील्ड. नावात ब्रदर्स असले तरी ते भाऊ नव्हते, आणि हे गाणे एकट्या हॅटफील्ड यांनी गायिले आहे. दोघेही गोरे. पण त्यांच्या गायकीवर काळ्यांच्या चर्चमधल्या गायनाची दाट छाप होती. हॅटफील्ड यांचा आवाज हळूच सुरू होतो, चढत जातो, आणि शेवटी इतक्या वर जातो की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. ही रेकॉर्ड निघाली तेव्हा तबकडीच्या मागच्या बाजूला होती. पुढच्या बाजूचे गाणे राहिले बाजूला आणि लोकांनी मागचे उचलले. पुढे एल्विस प्रेस्ली यांनी मरणापूर्वी दोन महिने, १९७७ च्या जूनमध्ये, रॅपिड सिटी गावी स्वतः पियानोवर बसून हे गाणे म्हटले. अंग सुजलेले, चेहऱ्यावर घाम, पण आवाज मागे हटत नाही. मरणाच्या दारातला माणूसही तीच विनवणी करतो आहे असे वाटते.

मी हे गाणे प्रथम ऐकले ते बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. आमच्या चाळीतल्या एका मित्राचा थोरला भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने आणलेल्या कॅसेटमध्ये हे गाणे होते. मित्राची वहिनी स्वयंपाक करता करता ते लावायची. नवरा नऊ-नऊ महिने समुद्रावर. तिला इंग्रजी येत नव्हते. एकदा तिने आम्हा दोघांना विचारले, "भाऊजी, हा काय म्हणतोय ते सांगा ना." आम्ही डिक्शनरी घेऊन बसलो आणि तोडकेमोडके सांगितले. ती एवढेच म्हणाली, "हं, मला तसंच वाटलं होतं." भाषा न कळताही तिला गाणे कळले होते. आपल्या आया-आज्या जात्यावर बसून दूर गेलेल्या माणसासाठी गात आल्या. त्या कानाला ते परके कसे वाटेल?

पण या गाण्याचा तुरुंगाशी संबंध आहे हे कळल्यापासून माझ्या मनात ते वेगळ्याच ठिकाणी जाऊन बसले आहे. त्याचे कारण सांगतो.

नोकरी सांभाळून वस्तीतल्या लोकांचे अर्ज, दाखले, कोर्टकचेरी पाहायचे काम मी काही वर्षे करतो आहे. त्यात एक तरुण बाई माझ्याकडे आली. नवरा हमाली करणारा. चोरीच्या एका गुन्ह्यात त्याला धरलेले. त्याने चोरी केली की नाही ते कोर्ट ठरवील, तो माझा विषय नाही. माझा विषय हा, की त्याला जामीन मंजूर झाला होता आणि तरीही तो आत होता. जामीनदार मिळत नव्हता. पंधरा हजारांचा जामीन घ्यायला ज्याच्याकडे कागदपत्रे आहेत तो तयार नव्हता, आणि जो तयार होता त्याच्याकडे कागदपत्रे नव्हती.

मी तिच्याबरोबर दोन-तीनदा मुलाखतीला गेलो. सकाळी नंबर लावायचा, दुपारी आत सोडायचे, जाळीपलीकडे माणूस, मध्ये टेलिफोन. मिनिटे मोजून मिळतात. एवढ्या वेळात घरभाडे, पोराचा ताप, वकिलाची तारीख सगळे सांगायचे. एकदा बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दादा, मी एवढं सगळं सांगायला जाते. त्याचं लक्षच नसतं. तो सारखं एकच विचारतो, तू येशील ना पुढच्या वेळी? मी काय सोडून जाणार आहे का?"

त्यावर मी काय बोलणार? मी म्हटले, "ताई, त्याला दुसरं काही विचारायला सुचत नसेल."

ती गप्प बसली. मग २०२० साली कोरोनाची टाळेबंदी आली आणि मुलाखतीही बंद झाल्या. आठवडे गेले, महिने गेले. त्या काळात ती दर रविवारी येऊन विचारायची, "काही कळलं का दादा?" शेवटी वस्तीतल्या एका निवृत्त सफाई कामगाराने आपली कागदपत्रे पुढे केली. तिचा आणि त्याचा काही नातेसंबंध नव्हता. "पोराचा बाप घरी आला पाहिजे," एवढेच तो म्हणाला. दोन वर्षे तीन महिन्यांनी माणूस घरी आला. त्याच्या मुलाने त्याला ओळखले नाही. तो आईच्या मागे लपला. बाप दारातच उकिडवा बसून राहिला. पोराला पुढे ओढण्याची घाई त्याने केली नाही.

हे सुखान्त आहे असे मी म्हणणार नाही. तारखा अजून चालू आहेत. तुरुंगातून आलेल्याला काम देताना लोक दहा वेळा विचार करतात. पण ती बाई आता रविवारी येत नाही, यातच मला समाधान आहे.

आपल्या देशात २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे तुरुंगातल्या दर चार माणसांपैकी तिघे कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. त्या प्रत्येकाच्या मागे एक घर आहे आणि त्या घरात कोणीतरी वाट पाहत आहे. जगाने 'अनचेन्ड मेलडी' हे गाणे लग्नांत वाजवले, नाचाच्या हॉलमध्ये वाजवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाणे पसरले म्हणून तर ते माझ्यापर्यंत आले. पण पसरता पसरता त्यातला कैदी गळून पडला आणि नुसते प्रेम उरले. मला तो कैदी परत त्या गाण्यात बसवावासा वाटतो. कारण मोकळ्या माणसाचे 'वाट पाहा' आणि बेडीतल्या माणसाचे 'वाट पाहा' यांत फरक आहे. मोकळा माणूस उद्या येऊ शकतो. बेडीतल्या माणसाला दुसऱ्या कोणीतरी आणावे लागते.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. घरातल्या कॉलेजच्या मुलांना सांगा आणि हे गाणे तीन आवाजांत लावून घ्या. आधी टॉड डंकन, मग अल हिबलर, मग बॉबी हॅटफील्ड. सगळे कुटुंब बसून ऐका. शब्द कळले नाहीत तरी चालेल. एकच चाल तीन माणसांच्या दुःखातून कशी वेगवेगळी निघते ते मुलांना ऐकू द्या. डंकन यांची थिएटरची गोष्टही त्यांना सांगा.

आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. आपल्या गल्लीत एखादीचा नवरा, एखादीचा मुलगा जामीन होऊनही आत अडकला असेल, तर तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत घेऊन जा. तिथे वकील फुकट मिळतो. ती एकटी जायला घाबरते. तिच्याबरोबर रांगेत उभे राहायला कोणीतरी लागते. एक रजा टाकली तर आपले फार बिघडत नाही.